तव्यावरचे पाणी

एका गावाचे पोट मागावर चालायचे. तिथली लुगडी दूरदूरच्या बाजारांत जात. एका वर्षी अशी मंदी आली की ते बाजारच ओस पडले. व्यापारी यायचे थांबले, तसे माग थांबले. विणकर तेल घेईनात म्हणून तेल्याचा घाणाही थांबला. थांबला नाही तो फक्त गावाचा ताठा.

ईराप्पा कोष्टी हा गावातला नावाजलेला विणकर. घरात लुगड्यांची चळत, पण डब्यात मूठभर कण्या. तरी रोज संध्याकाळी तो तवा तापवी आणि त्यावर पाणी शिंपडी. भजी तळल्यासारखा 'चर्र!' आवाज शेजारी जावा म्हणून खिडकी उघडी ठेवी. मग ओट्यावर येऊन मोठा ढेकर देई.

शेजारच्या बाळाप्पा तेल्याकडूनही रोज 'चर्र' ऐकू यायचे. एके दिवशी तिकडून ते दोनदा आले. ईराप्पाने लगेच तीनदा पाणी शिंपडले.

"आपली भजी त्यांच्यापेक्षा कमी नकोत," तो म्हणाला.

"कण्या संपल्या," त्याची बायको काशव्वा म्हणाली. "आता पोरांच्या ताटात हे चर्र वाढू? शेजारी जा आणि पसाभर पीठ मागा."

"मी? त्या बाळाप्पाकडे?"

"नाहीतर ढेकर जरा मोठा द्या. पोरांची पोटं भरतील."

ईराप्पा उठला. अंगणातून दोनदा माघारी फिरला. पण आतून धाकटीचे रडणे ऐकू आले आणि त्याने बाळाप्पाचे दार ढकलले.

चुलीपुढे बाळाप्पा बसला होता. हातात तांब्या. मोठ्या तन्मयतेने तो रिकाम्या तव्यावर पाणी शिंपडत होता.

त्याने मान वर करून दारातल्या ईराप्पाकडे पाहिले.

"ये," बाळाप्पा म्हणाला. "गरमागरम आहे. घेतोस?"

ईराप्पाला हसू आवरेना. बाळाप्पाही डोळ्यांत पाणी येईतो हसला. त्याची बायको आतून ओरडली, "तुमच्या आवाजापायी आमची लाकडं संपली हो!"

हसू ओसरल्यावर ईराप्पा खरे बोलला. "घरात दाणा नाही. लुगडी तेवढी आहेत."

"माझ्याकडे तेल आहे," बाळाप्पा म्हणाला. "पण तेल पिऊन कोण जगतो?"

मग त्यांना ओढ्यापलीकडचा शेतकरी धुळाजी आठवला. त्याची ज्वारी गिऱ्हाइकावाचून जमिनीतल्या पेवात पडून होती आणि बायको ठिगळाच्या लुगड्यात वावरत होती. दुसऱ्या दिवशी दोघे लुगडे आणि तेल घेऊन गेले, ते ज्वारीचे पोते घेऊनच परतले.

तसेच ते चावडीवर गेले. "आम्ही रोज रिकाम्या तव्यावर पाणी शिंपडत होतो," ईराप्पा सगळ्यांदेखत म्हणाला. "आता ज्याच्याकडे जे आहे ते सांगा. जे नाही तेही सांगा."

जो तो मान खाली घालून जमिनीवर रेघा ओढू लागला. शेवटी पाटील खाकरले.

"माझ्याकडे हा फेटाच उरलाय," ते हळूच म्हणाले. "आणि एक म्हैस. पण पेंड नाही, म्हणून दूध देत नाही."

"पेंड माझ्याकडे ढीगभर!" बाळाप्पा ओरडला.

मग सगळ्यांनाच कंठ फुटला. कुंभाराने मडकी आणली, चांभाराने वहाणा. म्हाताऱ्या यल्लूबाईकडे द्यायला काहीच नव्हते. तिने सगळ्यांची पोरे सांभाळली आणि रोज एकेका घरी जेवली. त्या मंदीत गावात कुणी लठ्ठ झाले नाही, पण उपाशीही कुणी झोपले नाही.

पुढे मंदी ओसरली. एक व्यापारी आला. गावाने गुडघे टेकले असतील, असा त्याचा हिशेब.

"काय ईराप्पा, निम्म्या भावात लुगडी देणार ना?"

"पूर्ण भावातही आज मिळायची नाहीत, शेटजी," ईराप्पा मागावरून न उठता म्हणाला. "होती ती गावातच गेली. आधी कुंभारणीचं लुगडं पुरं करायचंय. थांबणार असाल तर ओट्यावर बसा."

शेटजी ओट्यावर बसले. दिवस मावळताना पुढच्या लुगड्यांचा पूर्ण भाव आगाऊ देऊन गेले.

तात्पर्य: पडत्या काळात जो आपली अडचण झाकतो, तो एकटाच उपाशी राहतो. जो ती शेजाऱ्याला सांगतो आणि शेजाऱ्याची ऐकून घेतो, तो स्वतः तरतो आणि शेजाऱ्यालाही तारतो.