फुटक्या गाडग्याची मालकीण

काचेच्या पेटीत खारं पानी भरून समुद्रातलं मासं पाळायचं याड गावात नवंनवं आलं व्हतं, तवाची ही गोष्ट. एका पेटीत केशरी नावाची जोकर मासळी आन तिचा नवरा पट्ट्या ऱ्हायचे. समुद्रात ही जात डंख मारनाऱ्या समुद्रफुलात घर करती. फुलाच्या भ्यानं कुनी जवळ येत न्हाई. पेटीत फूल नव्हतं. व्हतं एक फुटकं गाडगं.

केशरीनं ते तोंडानं घासून लख्ख केलं आन आत अंडी घातली. पट्ट्या पंख हलवून अंड्यांवर पानी खेळवत बसला.

तेवढ्यात पेटीतला दांडगा मासा निळोबा अंडी खायला आला. "का गं भवाने, तुझं फूल कुठाय? आता तुला कोन राखनार?"

पट्ट्या घाबरला. "अगं, पळू या."

"तू गप पंख हलव!" केशरी खेकसली, आन निळोबाकडं वळली. "फूल समुद्रात ऱ्हायलं, मुडद्या. दात संगं आनल्यात!"

तिनं शेपटीचा असा लचका तोडला की निळोबा काचेवर आपटला. सात दिवस तो येत ऱ्हायला आन सात दिवस मार खाऊन गेला. आठव्या दिशी शंभर पिल्लं वळवळली.

मालक लई खूश. त्यानं पिल्लं वेगळ्या पेटीत काढली आन केशरीला बक्षीस म्हनून खरं समुद्रफूल आनलं.

निळोबा तुटक्या शेपटीनं लांबूनच बोलला, "वैनी, आता तुमी फुलात जावा. गाडगं मला द्या."

"फुलात तूच जा की," केशरी म्हनली, आन फिरून गाडगं घासाया लागली.