ओढ्यापलीकडची माती

फार फार वर्षांपूर्वी विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची चाळीस घरटी होती. विणकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण वारा सुटला की हलकी घरटी हेलकावत आणि अंडी विहिरीत पडत. तरुण पिवळ्याचा जीव थाऱ्यावर राहीना.

"ओढ्यापलीकडचे पक्षी काय करतात, बघून येऊ?"

"परक्यांकडून आपण काय शिकायचं?" म्हातारा म्होरक्या खेकसला.

पिवळ्या तरीही गेला. पलीकडच्यांचं विणकाम विसविशीत होतं, पण आतून ओली माती थापल्यामुळे घरटी जड होऊन स्थिर राहत. त्यानं त्यांना आपली वीण शिकवली आणि चोचीत माती घेऊन तो परतला.

पुढच्या वादळात एकट्या पिवळ्याच्या घरट्यातली अंडी वाचली. म्होरक्या बराच वेळ विहिरीत बघत राहिला. मग म्हणाला, "मलाही वाट दाखव, बाबा."