शेवटच्या विड्याची लढाई

एक होती राणी, रेणुमती तिचं नाव. एवढं मोठं राज्य, पण माहेरचं म्हणून एकच माणूस उरलेलं, धाकटा भाऊ सारंग. माहेरच्या गादीवर तोच बसलेला. भारी जीव त्याच्यावर!

एकदा काय झालं, राणीच्या लेकीचं बारसं होतं. शेजारचे राजे जेवले, मग राणी स्वतः विडे द्यायला उठली. आता तिच्या माहेरची रीत अशी, की सगळ्यात मानाच्या पाहुण्याला विडा शेवटी. त्यानं घेतला की मगच पंगत उठायची. सासरी मात्र मानाचा विडा पहिला. नवी सून, विसरली बिचारी! तामसेन राजा सगळ्यांत मोठा, म्हणून त्याला दिला शेवटी.

झालं! तामसेन उठला तणतणत. सारंग म्हणाला, "अहो, ताईनं मानच दिलाय तुम्हाला!" पण ऐकतो कोण? रागाला डोळे नसतात, बरं का.

मग तामसेन फौज घेऊन निघाला. सारंगनं त्याला कधीकाळी शब्द दिलेला, "तुमची लढाई ती माझी." काय करतो, गेला त्याच्या बाजूनं. इकडे राणीच्या नवऱ्यानं, धैर्यशील राजानं, आपले मित्र बोलावले. मित्रांनी व्याही बोलावले. बघता बघता सहा राज्यं भांडायला लागली, आणि विड्याचं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. मेले शहाणे!

पहिल्या वर्षी कोठारं रिकामी झाली. दुसऱ्या वर्षी घोडे संपले. दर भाऊबीजेला राणी ताट करायची आणि रडायची. तिसऱ्या वर्षी तामसेनानं एका परक्या राजाची व्यापारी गलबतं बुडवली. मग तो राजा चिडून समुद्रापलीकडून ताज्या दमाची फौज घेऊन आला, धैर्यशीलच्या बाजूनं. तिथंच पारडं फिरलं. तामसेन पळाला, आणि सापडला कोण? सारंग!

जिंकलेले राजे म्हणाले, "याला जन्मभर कोंडा. याच्या मुलखातल्या विहिरी बुजवा, बैल हाकून आणा."

राणी तडक दरबारात गेली. "विहिरी बुजवाल, तर तिथली पोरं तहानेनं वाढतील. मोठी झाली की कुठं येतील? इथंच, तलवारी घेऊन!"

"आमची माणसं मेली, त्याचं काय?" धैर्यशील राजा म्हणाला.

"त्याचीही मेली. मला ओवाळायला भाऊ हवाय. पुढची लढाई नकोय."

राजानं कमरेची तलवार सोडून खाली ठेवली. मग म्हणाला, "सोडा त्याला. बियाणंही द्या बरोबर." बाकीचे राजे कुरकुरले, पण लढायची ताकद कुणात उरली होती? राणीनं सारंगला पोटाशी धरलं आणि ढसाढसा रडली.

मग विहिरी राहिल्या, शेतं पिकली, सगळे गुण्यागोविंदानं राहिले. गेलेली माणसं मात्र काही परत आली नाहीत हं, ती कुठल्याच गोष्टीत येत नाहीत. चला, सरका जरा, पांघरुणावरून भांडू नका. मिटा डोळे.