झाकल्या पाण्याची वाट

त्या मुलखात उघड्यावरच्या प्रत्येक पाण्यात सूर्याचा हिस्सा असे. तळे असो, डबके असो, नाहीतर पानावर थबकलेला थेंब असो, तो आपला हिस्सा उचलून नेई. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, कारण त्याच हिश्शाचे ढग होत आणि साऱ्या मुलखावर फिरत. पण लहान जिवांना म्हातारपणी घोटभर तरी उरावे, म्हणून त्याने एक सवलत दिली होती. कातळात खोदलेल्या, झाकण असलेल्या टाक्यांकडे तो बघत नसे. अट एवढीच, की एका जिवाने वर्षाला एकच घागर टाक्यात ओतायची. चुकलेल्या वर्षाची घागर पुढच्या वर्षी भरून काढता येत नसे. ही अट म्हणे म्हशीमुळे आली. सवलतीची दवंडी कानावर पडताच बाईंनी अख्ख्या तळ्यावर छप्पर घालायला घेतले होते.

खालच्या माळावरच्या टाक्यात एका कासविणीचे पाणी होते. तिने आणि तिच्या नवऱ्याने तरुणपणापासून दरसाल एकेक घागर त्यात ओतली होती. पुढे नवरा गेला. त्याच्या घागरी तळाशी राहिल्या आणि तिने एकटीने ओतलेल्या वर आल्या. आता त्या टाक्याचा झरा आळसावला होता, पाणी वाढायचे नाव घेत नव्हते. लेक वर डोंगरावर नांदत होती आणि तिथल्या टाक्याचा झरा चांगला जिवंत होता.

"आई, किती दिवस एकटी राहशील? वर ये, पाणीही घेऊन ये," लेक म्हणाली.

कासविणीला वाटले, पाणी आपले, घागर आपली, पाठही आपलीच. मग विचारायचे कुणाला? माळावरचा राखणदार बेडूक डुलक्या घेत होता. तिने झाकण सरकवून घागर भरली, पाठीवर बांधली आणि डोंगर चढू लागली. कासवाची चाल आणि चैत्राचे ऊन! वाटेत सूर्याने इमानाने आपला हिस्सा घेतला. ती वर पोचली तेव्हा घागर अर्धी झाली होती.

वरच्या टाक्यावर खेकडीण राखण करी. तिने पाणी ओतून घेतले आणि झाकण लावले.

"झाली तुमची यंदाची घागर. आता पुढच्या वर्षी या, आजी."

"अगं, हे नवं पाणी नाही. माझं जुनंच आहे. खाली अजून टाकंभर आहे."

"एकदा उन्हात आलं की जुनं पाणीही नवंच धरायचं. पद्धतच आहे ती."

कासविणीने मनात हिशेब केला. वर्षाला एक घागर, आणि तिच्यापाशी वर्षे उरली होती ती किती? त्यातून नवऱ्याच्या घागरी पुन्हा ओतायला तो कुठून येणार होता? तिला रडू फुटले.

"तळाशी आमच्या ह्यांच्या घागरी आहेत गं," ती म्हणाली.

खेकडिणीची नांगी खाली आली. वरून कडक दिसली तरी ती मनाची वाईट नव्हती.

"मग त्यांना हात लावू नका. तुम्ही फक्त मला सांगा, हवंय म्हणून. हे टाकं खालच्या टाक्याला हाक घालील आणि कातळाच्या पोटातून पाणी आपलं आपण येईल. तोवर झाकण मात्र उघडायचं नाही. अर्ध्या वाटेवर उजेड पडला, तर सगळं उघड्यावरचं ठरेल."

"आणि वाट कुठली? मला तर दिसत नाही."

खेकडिणीने नांगी वर उचलून आभाळाकडे दाखवली. "तुम्हाला दिसली असती, तर त्यालाही दिसली असती."

कासविणीने हो म्हटले खरे, पण तिचा जीव टांगणीला लागला. जन्मभर तिने थेंब न् थेंब स्वतःच्या हाताने राखला होता. अशात टिटवी ओरडत आली, की माळावरचे टाके कोरडे ठणठणीत पडले आहे. वरच्या टाक्यात तर अजून काहीच आले नव्हते. तेलही गेले, तूपही गेले, असे कासविणीला वाटले. तिने धडपडत जाऊन झाकणावर पंजा ठेवला.

"पाणी तुमचं आहे," खेकडीण म्हणाली. "मी अडवणार नाही."

तो पंजा बराच वेळ झाकणावरच होता. एकदा उघडले, की निदान कळेल तरी. शेवटी नवऱ्याची आठवण काढून तिने तो मागे घेतला, आणि तेवढे करण्यात डोंगर चढण्याहून जास्त दमली.

ती तशीच बसून असताना झाकणाच्या फटीतून गार वास आला. वाळ्याचा वास. तिचा नवरा घागरीत वाळ्याची जुडी सोडल्याशिवाय ती टाक्यात ओतत नसे, आणि ती त्याला दरसाल वेड्यात काढी. तळाचे पाणी सगळ्यांच्या आधी निघाले होते.

"आलात?" ती हळूच म्हणाली, आणि हातपाय आत ओढून त्या फटीवर पोट टेकून पडून राहिली.

सूर्य डोक्यावर आला. त्याने डोंगराकडे पाहिले. कातळावर एक म्हातारी कासवीण तेवढी निजली होती आणि तिच्या डोळ्याच्या कडेला एक थेंब होता. त्यातला आपला हिस्सा त्याने उचलला, आणि तो पुढे गेला.