सावरीचा शेंडा

सावरीच्या झाडाचा शेंडा रानाने फक्त कोतवाल पक्ष्यासाठी राखला होता, तेव्हा रान किती निवांत झोपायचं! साप दिसला की कोतवाल तिथून ओरडायचा. एका हाकेत सगळी घरटी सावध व्हायची.

मग शेंड्यावर कावळे बसू लागले. "नदीपलीकडे फुकट दाणे! चला, चला!" पाखरं धावायची, तिथे नुसती वाळू. इकडे कावळे त्यांची अंडी पळवायचे.

तरुण साळुंकी चिडली. "सावरमावशी, हाकला की यांना!"

"मी फक्त फांदी देते गं. कोण काय ओरडतं, त्याच्याशी मला काय?"

"आणि मी फक्त पोचवतो," वारा म्हणाला.

सावरीच्या ढोलीत नातवंडांसोबत राहणारं म्हातारं घुबड म्हणालं, "पोरी, ज्याचे कान त्याने सांभाळावेत. आमच्या वेळी नव्हता बाई असा कालवा."

"तुमच्या वेळी शेंडा राखायचे, आजोबा!"

घुबड हसलं आणि कानात सावरीचा कापूस कोंबून झोपलं. हळूहळू साळुंकी सोडून सगळ्यांनीच कान बंद केले.

एका दुपारी कोतवाल जीव तोडून ओरडला, "साप! सावरीवर साप!" फक्त साळुंकीला ऐकू गेलं. तिने ढोली गाठून घुबडाच्या कानातला कापूस उपटला, तोवर घुबडाची नातवंडं सापाने गिळली होती.

सावर मुळापासून हादरली. शेंडा गदगदा हलला आणि सगळे कावळे उडून गेले.

साळुंकी बघतच राहिली. "एवढंच करायचं होतं, मावशी?"

रान पुन्हा पूर्वीसारखं शांत झालं, आणि घुबडाची ढोलीही.