विजेची पेटी आणि येसूची बांगडी

"चोर धोंडी कासार!"

पेटीतून निघालेली कागदाची पट्टी दिवाणांनी वाचली आणि वाघदऱ्याचा दरबार टाळ्यांनी दणाणला. टाळ्या वाजवल्या नाहीत त्या एकट्या धोंडीने. त्याचे हात शिपायांनी धरले होते!

राणीसाहेबांच्या सोन्याच्या पाटल्या आदल्या दिवसापासून सापडत नव्हत्या, आणि त्याच दिवशी धोंडी राजवाड्यात बांगड्या भरायला आला होता. महाराज भर दरबारात गरजले, "माझा संशय धोंडी कासारावर!" लगेच जादूगार प्रोफेसर चक्रदेवांनी आपली विजेची पेटी पुढे केली. लाल दिवा लागला, आत खरखर झाली, पट्टी बाहेर आली. झाला न्याय!

तीन दिवस ही पेटी दरबार गाजवत होती. "उत्तर पहाटेच पेटीत बंद झालंय," प्रोफेसर सांगत. "आपण फक्त मनातलं मोठ्यांदा बोला!" कुणी म्हणे मोगरा, पेटी म्हणे मोगरा. कुणी म्हणे हत्ती, पेटी म्हणे हत्ती. महाराज असे खूश झाले की त्यांनी म्हाताऱ्या न्यायाधीशांना घरी बसवलं आणि न्यायासनावर मखमल अंथरून पेटी ठेवली.

"सात वर्षं तुरुंग!" महाराज म्हणाले.

"थांबा, महाराज!" गर्दीतून धोंडीची मुलगी येसू पुढे आली. बांगड्यांची पेटारी तिच्या काखेतच होती. "माणूस आत टाकायच्या आधी ही पेटी खरी की खोटी ते तरी बघा!"

"तू बघणार?"

"मी बघते."

"मग ऐक. पेटीला हात लावायचा नाही. ती उघडायची नाही. आणि प्रश्न विचारायचा एकच! हरलीस तर बाप तुरुंगात आणि तू संस्थानाबाहेर. आहे कबूल?"

"अगं, नको!" धोंडी ओरडला.

"कबूल!" येसू म्हणाली.

तिने प्रोफेसरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. दरबारात यायचं तर दिवाणसुद्धा जोडे बाहेर काढत. प्रोफेसरांच्या पायात मात्र गुडघ्यापर्यंत बूट! ते काढले तर म्हणे पेटी रुसते. येसू गालात हसली. मग दरबाराकडे पाठ करून तिने पेटारीतली एक बांगडी रुमालात गुंडाळली आणि ते पुडकं राणीसाहेबांच्या हातात दिलं.

"घट्ट धरा, राणीसाहेब. हं, सांगा प्रोफेसर, या बांगडीचा रंग कोणता?"

"सोपं आहे, मुली! तू रंग मोठ्यांदा सांग, म्हणजे दरबाराला कळेल."

"हिरवा!"

प्रोफेसरांच्या उजव्या बुटाचं टोक जरासं वळवळलं. दिवा लागला, खरखर झाली, पट्टी आली. दिवाणांनी वाचलं, "हिरवा!"

"वाहवा!" महाराजांनी मांडीवर थाप मारली. "हरलीस, पोरी!"

"आधी रुमाल तर सोडा, महाराज."

राणीसाहेबांनी रुमाल सोडला. आत बांगडी होती लालभडक!

महाराज ताडकन उठले. "लबाड! तू भर दरबारात खोटं बोललीस?"

"बोलले. आणि तुमच्या न्यायाधीशानं माझं खोटं जसंच्या तसं छापून दिलं!"

"पण पेटी चुकली कुठे?" प्रोफेसर घाईने म्हणाले. "ही काय बोलणार, ते पेटीनं पहाटेच ओळखलं होतं!"

"बरोबर!" येसू म्हणाली. "म्हणजे माणूस काय बोलणार ते पेटी सांगते. ते खरं की खोटं, हे तिला ठाऊक नसतं. मग आज पेटीआधी कोण बोललं होतं? महाराज! काय बोलले? 'माझा संशय धोंडी कासारावर!' पेटीनं चोर सांगितलाच नाही, महाराज. तिनं तुमचा संशय सांगितला!"

महाराज मटकन पुन्हा गादीवर बसले.

"मग पाटल्या गेल्या कुठे?" महाराज पुटपुटले.

"राणीसाहेबांचे हात सुजलेत, आत्ताच पाहिले मी. बांगड्या भरण्याआधी पाटल्या साबण लावूनच उतरवल्या असतील. न्हाणीघरात पाहिलं का कुणी?"

कुणीच पाहिलं नव्हतं. पेटीनं सांगितल्यावर पाहायचं कशाला! दासी धावत गेली आणि वाळलेल्या साबणाने माखलेल्या पाटल्या घेऊनच परतली. राणीसाहेबांनी पदर तोंडाला लावला.

महाराज आधी लाल झाले, मग खो खो हसत सुटले. "फसलो की! पण पोरी, ही पेटी चालते तरी कशी?"

येसूने प्रोफेसरांच्या बुटांकडे पाहिलं. त्यांनी उजवा पाय हळूच मागे ओढला.

"ते सांगून मी त्यांच्या पोटावर पाय का देऊ, महाराज? खेळ म्हणाल तर पेटी अव्वल आहे! जत्रेत ठेवा, मी स्वतः तिकीट काढून बघीन. फक्त त्या मखमलीवरून तिला उठवा."

पेटी तिथल्या तिथे उठली. म्हाताऱ्या न्यायाधीशांना बोलवायला पालखी गेली. शिपायांनी धोंडीचे हात सोडले.

"आता शेवटचा खेळ!" महाराज मिशीत हसत म्हणाले. "प्रोफेसर, येसूला काय बक्षीस द्यायचं माझ्या मनात आहे, ते तुमच्या पेटीनं सांगावं!"

प्रोफेसरांनी हात जोडले. "सांगेल की, महाराज! आपण फक्त आधी मोठ्यांदा बोला!"

सारा दरबार हसून लोटपोट झाला. डोळे पुसून महाराज खणखणीत आवाजात म्हणाले, "येसूला पैठणी, आणि राजवाड्यात बांगड्या भरायचा मान कायमचा धोंडीच्या घराला!"

लाल दिवा लागला. खरखर झाली. पट्टी बाहेर आली, आणि या वेळी तिच्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं!