पिवळ्याचा अपग्रेड केलेला खोपा

विहिरीवरच्या बाभळीला अजून मोबाइलची रेंज पोचली नव्हती, त्या काळची ही गोष्ट.

सुगरण पक्ष्यांची रीत अशी, की नराने अर्धा खोपा विणायचा, मादीने तो ओढून-ताणून बघायचा आणि पसंत पडला तरच संसार मांडायचा. पिवळ्या नावाच्या नराचे दोन खोपे त्या मोसमात नापास झाले होते. तिसऱ्याचीही वरची गाठ सैल होती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण गाठ सोडायची म्हणजे सगळं पहिल्यापासून विणणं आलं.

तेवढ्यात इंग्रजीच्या क्लासातल्या पिंजऱ्यातून सुटलेला एक पोपट शेजारी येऊन बसला. "अरे बाळा, पुन्हा विणतोस कशाला? नुसतं अपग्रेड केलंय म्हण. आमच्या क्लासात सगळे असंच सुधारायचे!"

पिवळ्याने दुपारभर शब्द घोकले. संध्याकाळी भुरी नावाची मादी येताच तो पंख फडकवत सुरू झाला, "बघ गं, अपग्रेड केलेला खोपा! दार अपडेट केलंय, आतून फुल रिनोव्हेशन!"

"अगबाई, केवढे हे शब्द!" भुरी म्हणाली आणि रीतीप्रमाणे खोप्याला लटकून तिने एक हिसका दिला. गाठ सुटली. भुरी उडाली, खोपा विहिरीत गेला.

"आता यात अंडी बेडकांनी घालायची का?" असं विचारून ती निघून गेली.

"याहून भारी शब्द देऊ का रे?" पोपटाने हाक मारली.

पिवळ्या पुन्हा पहिल्या गाठीला लागला होता. त्याच्या चोचीत गवताची पात होती.